लिपस्टिकच्या नळीतला सूर

मी गिटार दुरुस्त करतो. जुनी डॅनइलेक्ट्रो गिटार उघडली की ती घडवणाऱ्या नेथन डॅनियलबद्दल आदरच वाटतो. १९४७ साली न्यू जर्सीत कंपनी काढणाऱ्या या माणसाने लाकडी चौकटीवर चक्क मेसोनाइट चिकटवला, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला स्वस्त तक्ता. तारांची थरथर टिपणारं चुंबक आणि त्याभोवतीचं तारेचं वेटोळं लिपस्टिकच्या धातूच्या नळीत बसवलं. सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीने त्याच्या गिटारी ‘सिल्व्हरटोन’ नावाने विकल्या. काहींच्या तर पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर! पेटी उघडा, वाजवा. नवशिक्या पोरांना आणखी काय हवं? १९६६ मध्ये कंपनी एमसीए या मनोरंजन कंपनीकडे गेली, १९६९ मध्ये कारखाना बंद पडला. पुढे लेड झेपेलिन या रॉक बँडच्या जिमी पेजने मैफलींत ‘कश्मीर’ हे गाणं डॅनइलेक्ट्रोवरच वाजवलं. तिचा तो मोकळा, खणखणीत आवाज महागड्या गिटारींतून मला अजून मिळालेला नाही.