होस्टेल, तरुण मुलं आणि शरीरसंबंध : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेड, लातूर, उदगीरकडची मुलंमुली शिक्षणासाठी हैदराबाद गाठतात, ही जुनी वाट आहे. कुणी उस्मानिया विद्यापीठात, कुणी अमीरपेटच्या क्लासला. मूल होस्टेलवर गेलं की आईवडिलांच्या मनात एक धास्ती बसते. पण घरात तो विषय निघत नाही. मग ऐकीव गोष्टींनाच खरं मानलं जातं.

गैरसमज : शहरात गेली की मुलं बिघडतात.
वस्तुस्थिती : मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने पॉप्युलेशन कौन्सिलसोबत २००६-०७ मध्ये सहा राज्यांतल्या तरुणांची पाहणी केली. महाराष्ट्र आणि तेव्हाचा अखंड आंध्र प्रदेश त्यात होते. लग्नाआधी संबंध आल्याचं सुमारे १५ टक्के तरुणांनी आणि ४ टक्के तरुणींनी सांगितलं. शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण जास्त होतं.

गैरसमज : हल्ली सगळेच करतात.
वस्तुस्थिती : अनेकांना या वाटेवर ढकलते ती हीच समजूत. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात विद्यार्थ्यांना वाटत होतं की, बांधिलकी नसलेल्या संबंधांबाबत इतर जण आपल्यापेक्षा बिनधास्त आहेत. मनातून अवघडलेले गप्प राहतात आणि फुशारक्या मारणाऱ्यांचंच ऐकू येतं. त्यात दारू आली की कंडोमचं भान सुटतं. नशेत शुद्ध हरपलेल्या व्यक्तीचा होकार हा होकार नसतो. कायदाही तेच सांगतो.

गैरसमज : लैंगिक शिक्षणाने नको ते सुचतं.
वस्तुस्थिती : याच भीतीने महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांमधलं लैंगिक शिक्षण थांबवलं. युनेस्कोने मात्र देशोदेशींचे अभ्यास तपासून २०१८ मध्ये स्पष्ट केलं की, अशा शिक्षणामुळे मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत; उलट, काळजी घ्यायला शिकतात.

गैरसमज : नंतर गोळी घेतली की काम झालं.
वस्तुस्थिती : लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची असते. जितका उशीर, तितका गुण कमी. आधीच राहिलेला गर्भ तिने पडत नाही. एचआयव्ही, सिफिलिस यांच्यापासूनही ती वाचवत नाही. त्यासाठी कंडोमच हवा. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते, अहवाल गुप्त राहतो. त्याच्या माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

गैरसमज : लग्न न झालेल्या मुलीला कायद्याने गर्भपात करता येत नाही.
वस्तुस्थिती : २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, २४ आठवड्यांपर्यंतच्या गर्भपाताच्या तरतुदींत विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही. मुलीची १८ वर्षं पूर्ण झाली असतील तर पालकांची संमती लागत नाही. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते, अहवाल गुप्त राहतो. माहितीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

पहारा वाढवून मुलं सुरक्षित होत नाहीत, ती फक्त लपवायला शिकतात. मोहाला आणि मित्रांच्या आग्रहाला नाही म्हणायचं बळ त्यांना नेमक्या माहितीतून आणि घरच्या विश्वासातून मिळतं. म्हणून बॅग भरतानाच मुलाला आणि मुलीला, दोघांनाही सांगा : काहीही झालं तरी पहिला फोन घरी कर, आम्ही आधी ऐकून घेऊ.