शिक्षकांची टिपणे : अ‍ॅपमधील त्यांची व्यवस्था

प्राथमिक शिक्षकाला टिपण हा प्रकार नवा नाही. पाठाचे टाचण, मुलांच्या प्रगतीच्या नोंदी, केंद्राच्या शिक्षण परिषदेत उतरवून घेतलेले मुद्दे, ही सारी टिपणेच होत. अलीकडे त्यांपैकी बराचसा भाग कागदावरून फोनवरील अ‍ॅपमध्ये आला आहे. फोन सदैव जवळ असल्यामुळे टिपण करणे सोपे झाले. परंतु केलेले टिपण गरजेच्या वेळी सापडणेही सोपे झाले, असे मात्र म्हणता येत नाही. शेकडो टिपणे एकाखाली एक साचतात आणि नेमकी हवी असतील त्या दिवशी हाती लागत नाहीत. टिपणाचे खरे मोल ते वेळेवर सापडण्यात आहे. यास्तव टिपणांची व्यवस्था कशी लावावी, हे प्रत्येक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यवस्थेच्या तीन रीती

पहिली रीत कप्प्यांची. २००३ साली आलेल्या वननोट या अ‍ॅपमध्ये वही, वहीत विभाग आणि विभागात पाने अशी रचना असते. ती कपाटासारखी असल्याने चटकन अंगवळणी पडते. परंतु कपाटातील वस्तू एका वेळी एकाच कप्प्यात राहते. ‘बेरजेचा सोंगट्यांचा खेळ’ हे टिपण ‘गणित’ या विभागात ठेवावे की ‘खेळ’ या विभागात, असा प्रश्न पडला म्हणजे या रीतीची मर्यादा ध्यानात येते.

दुसरी रीत लेबलांची. २०१३ साली निघालेल्या गूगल कीपमध्ये एकाच टिपणाला अनेक लेबले देता येतात. त्यामुळे वरील टिपण ‘गणित’ व ‘खेळ’ या दोन्ही ठिकाणी दिसते. या रीतीचे मूळ बरेच जुने आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने वाचनातील उतारे वहीत लिहिताना प्रत्येक उताऱ्यास एक शीर्षशब्द द्यावा आणि त्या शब्दाचे पहिले अक्षर व त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून वहीच्या सूचीत पानाचा क्रमांक नोंदवावा, अशी पद्धत बसविली होती. ती १६८६ साली फ्रेंच भाषेत छापली गेली.

तिसरी रीत परस्पर जोडण्यांची. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान (१९२७–१९९८) यांनी आयुष्यभरात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. प्रत्येक चिठ्ठीस क्रमांक देऊन तिच्याशी संबंध असलेल्या दुसऱ्या चिठ्ठीचा क्रमांक ते तिच्यावर लिहीत. २०२० साली आलेल्या ऑब्सिडियनसारख्या अ‍ॅपमध्ये दुसऱ्या टिपणाचे नाव दुहेरी चौकटी कंसांत लिहिले की अशीच जोडणी होते. दीर्घकाळ एका विषयाचा अभ्यास करणाऱ्यास ही रीत फार उपयोगी पडते. वर्गशिक्षकाच्या नित्याच्या कामास मात्र लेबलांची रीत बहुधा पुरेशी ठरते.

लेबल व शीर्षक

लेबल देताना टिपण कोठून आले याचा विचार न करता ते कोणत्या प्रसंगी लागेल याचा विचार करावा. ‘शिक्षण परिषद’ हे लेबल केवळ उगम सांगते. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाच्या मनात प्रश्न येतो तो ‘वजाबाकीसाठी आपणाजवळ काय आहे?’ असा. म्हणून ‘वजाबाकी’, ‘वाचन’, ‘पालकभेट’, ‘पोषण आहार’ अशी कामाची लेबले ठेवावीत. ती दहापंधरांहून फार वाढू देऊ नयेत आणि एका गोष्टीस एकच शब्द ठरवावा. कधी ‘गणित’ तर कधी ‘अंकगणित’ असे लिहिल्यास अर्धी टिपणे एकीकडे व अर्धी दुसरीकडे पडतात.

शीर्षकही अर्थपूर्ण असावे. ‘नवे’ किंवा ‘महत्त्वाचे’ ही शीर्षके चार दिवसांनी काहीच सांगत नाहीत. दिनांक लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा. म्हणजे शीर्षकानुसार मांडणी करणाऱ्या अ‍ॅपमध्ये टिपणे आपोआप कालक्रमाने लागतात.

शोधाची सोय असताना ही खटपट कशाला, असे कित्येकांस वाटते. परंतु शोध लिहिलेल्या अक्षरांवर चालतो. एके ठिकाणी शब्द देवनागरीत व दुसरीकडे रोमन लिपीत लिहिला असेल, किंवा ऱ्हस्वदीर्घाचा फरक पडला असेल, तर टिपण असूनही ते न सापडण्याचा संभव असतो. ठरलेले लेबल ही उणीव भरून काढते.

एक उदाहरण

तिसरीच्या वर्गातील एका मुलाने जुलै महिन्यात ५२ मधून २७ वजा करून ३५ हे उत्तर लिहिले, असे समजू. शिक्षकाने ते टिपून ‘वजाबाकी’ हे लेबल दिले. पुढे नोव्हेंबरमध्ये त्याच मुलाने ८४ मधून ३९ वजा करून ५५ लिहिले. तेही टिपले गेले. लेबल उघडताच दोन्ही टिपणे शेजारी येतात आणि चूक एकच असल्याचे दिसते. मूल प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करीत आहे. दशक सुटा करणे त्याला उमगलेलेच नाही. पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या समोर ठेवून एक गठ्ठा त्याच्याच हाताने सोडविला, म्हणजे चार गठ्ठे व बारा काड्या होतात हे त्याला दिसेल. टिपणे विखुरलेली राहिली असती, तर दोन्ही वेळा ‘निष्काळजीपणा’ असा शेरा मिळून ते मूल तसेच चौथीत गेले असते.

साप्ताहिक आवराआवर

कोणतीही व्यवस्था देखरेखीवाचून टिकत नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर वीस मिनिटे काढून आठवड्याच्या टिपणांना शीर्षके व लेबले द्यावीत. काम संपलेली टिपणे पुसून टाकण्याऐवजी संग्रहात हलवावीत. तेथे ती नजरेआड राहतात, परंतु शोधात सापडतात. गूगल कीपमध्ये पुसलेले टिपण कचरापेटीत सात दिवसच राहते आणि नंतर कायमचे जाते, हे विसरू नये. वर्षातून एकदा सर्व टिपणांची प्रत उतरवून दुसऱ्या ठिकाणी ठेवणेही इष्ट होय.

घ्यावयाची दक्षता

फोन हरवू शकतो आणि परक्याच्या हातीही पडू शकतो. म्हणून त्यास कुलूपशब्द असावा. मुलाचा आजार, घरातील कलह अशा नाजूक गोष्टी अ‍ॅपमध्ये लिहू नयेत. अडचणींच्या नोंदीत मुलाच्या नावाऐवजी हजेरीक्रमांक लिहावा.

शेवटची गोष्ट बदलीची. शिक्षकाच्या खात्यातील टिपणे त्याच्याबरोबर जातात. मुले मात्र त्याच शाळेत राहतात. यास्तव वर्षअखेरीस किंवा बदलीच्या वेळी, ज्या मुलांना विशेष साहाय्य हवे आहे त्यांच्याविषयीचे सार एका कागदावर उतरवून पुढील शिक्षकाच्या हाती द्यावे. टिपणांची लेबले नीट लागलेली असतील, तर या कामास फार वेळ लागत नाही. नव्या शिक्षकाला मग त्या मुलाची अडचण शोधण्यात पहिले सत्र घालवावे लागत नाही.