टिकलीखालचा डाग

वर्षानुवर्षे एकाच जागी टिकली लावणाऱ्या काही बायकांच्या कपाळावर, नेमका टिकलीच्याच आकाराचा पांढरा ठिपका उमटतो. काही टिकल्यांच्या गोंदात पॅराटर्शरी ब्युटिल फिनॉल नावाचे रसायन असते आणि ते त्वचेला रंग देणाऱ्या पेशींनाच मारते. काही रबरी चपलांमधल्या रसायनांनी पावलावर पट्ट्याच्या आकाराचे डाग पडतात, तेही असेच. ठिपका दिसला की आधी टिकली बंद करावी आणि त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. घरात मात्र कुजबुज सुरू होते ती ‘कोड’ या शब्दाने.

खरे कोड वेगळे. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच आपल्या रंगपेशींना परके समजून त्यांच्यावर उलटते. जगात साधारण शंभरातल्या अर्ध्या ते एका माणसाला ते होते, आणि जवळपास निम्म्या जणांत विशीच्या आत सुरू होते. ते स्पर्शाने पसरत नाही. कुष्ठरोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यात बधिरपणा येऊ शकतो, कोडाच्या डागावर संवेदना शाबूत असते. दुधाबरोबर मासे खाल्ल्याने कोड होते, याला कसलाही आधार नाही. तरीही कित्येक मुलांच्या ताटातले दही, लिंबू, चिंच काढून घेतले जाते आणि आजार राहतो तिथेच. त्यापेक्षा थायरॉइडची तपासणी करावी, कारण कोड आणि थायरॉइडच्या तक्रारी पुष्कळदा एकाच माणसात आढळतात. ज्यांना कोड आहे, त्यांनी त्वचेवर सततचे घर्षणही टाळावे. परकराची नाडी जिथे रोज करकचून बसते तिथे, किंवा खरचटलेल्या जागी, नवा डाग उठू शकतो.

उपचारांबद्दल सर्वांत आशादायक गोष्ट केसांच्या मुळाशी दडलेली आहे. रंगपेशींचा राखीव साठा तिथे असतो. उपचार लागू पडला की पांढऱ्या डागात केसांभोवती बारीक तपकिरी ठिपके दिसू लागतात आणि हळूहळू एकमेकांना मिळतात. म्हणूनच चेहऱ्यावरचे डाग तुलनेने लवकर भरतात, बोटांची टोके आणि ओठ हट्टीपणा करतात. डागातले केसच पांढरे झाले असतील तर काम अवघड होते. बावची आणि ऊन ही आपल्याकडची फार जुनी जोडी. बावचीतल्या सोरालेन या द्रव्यावर आधुनिक प्रकाशोपचारही उभे राहिले. पण बावचीचे तेल चोपडून घरीच उन्हात बसू नका, त्वचा भाजून मोठे फोड येतात. आज ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांचे उपचार अधिक रूढ आहेत. डाग दीर्घकाळ स्थिर असतील तर रंगपेशींचे रोपण करता येते. २०२२ मध्ये अमेरिकेत रुक्सोलिटिनिब या मलमाला कोडासाठी मान्यता मिळाली. यातला कोणताही उपाय आठवड्यात गुण देत नाही. महिने लागतात, आणि ते महिने काढायला मन धड असावे लागते.

माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. हा डाग बहुधा दुखत नाही, खाजत नाही. दुखते ते पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज उन्हाळ्यातही घालावे लागणे, हळदीकुंकवाला जाणे टाळणे, बहिणीचे स्थळ आले की आतल्या खोलीत बसायला सांगितले जाणे. अशा मुलीला झोप लागत नसेल, ती गप्प गप्प राहत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. मलमाइतकीच तिला समुपदेशनाची गरज असू शकते आणि ती घरच्यांनी ओळखायला हवी.

पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी हे ओळखले. स्वतः शल्यचिकित्सक आणि स्वतःला कोड असलेल्या तुळपुळे यांनी ‘श्वेता असोसिएशन’ हा स्वमदत गट उभा केला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ या २००६ च्या चित्रपटाची नायिका कोड असलेली डॉक्टर आहे, देविका दफ्तरदार यांनी ती उभी केली. कोड असलेल्यांसाठी वधू-वर मेळावेही भरतात. तिथे डाग आधीच सर्वांना ठाऊक असतो, त्यामुळे बोलणे लगेच नोकरी, घर आणि स्वभावाकडे वळू शकते.