तपासण्या नॉर्मल, तरी दुखणं खरं

रिपोर्ट नॉर्मल आले की ‘मनाचे खेळ आहेत’ असं रुग्णाला ऐकवलं जातं. हा अन्याय आहे. वेदना खरीच असते. दीर्घ ताणामुळे मेंदूची धोक्याची यंत्रणा सतत जागी राहिली, तर इजा नसतानाही अंग दुखू शकतं. अमेरिकेतील मार्क लमली आणि डॉ. हॉवर्ड शुबिनर यांच्या उपचारपद्धतीत रुग्ण वर्षानुवर्षं गिळलेला राग, दुःख, अपराधीपणा ओळखतो. ज्या व्यक्तीबद्दल या भावना आहेत ती समोर आहे असं कल्पून मनातलं मोठ्याने बोलतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साठीपुढच्या 126 माजी सैनिकांपैकी हा उपचार घेतलेल्या 63 टक्के जणांची वेदना किमान 30 टक्क्यांनी घटली. तुलनेसाठी विचार-वर्तन उपचार (सीबीटी) दिलेल्या गटात हे प्रमाण 17 टक्के होतं. मात्र आधी डॉक्टरांकडून इतर आजारांची शक्यता तपासून घ्यायलाच हवी.