पोत गहाण, पावती गहाळ



मृगाचा पाऊस पडतो, बियाण्या-खताला पैसा लागतो, पीककर्जाचे कागद अजून बँकेतच फिरत असतात, आणि घरातली पोत किंवा पाटल्या तालुक्याच्या गावी सावकाराच्या दुकानात जातात. कापूस, सोयाबीन विकले की दिवाळीच्या सुमारास सोडवून आणू, असा बेत असतो. माझे काम बियाणे, खते आणि किडींबद्दल सांगण्याचे. पण बोंडअळीचे विचारायला आलेला माणूस जाता जाता दाराशी थांबतो आणि हळू आवाजात म्हणतो, "साहेब, सावकाराची चिठ्ठी सापडत नाही. आता सोनं गेलंच का?"

सोने गेले नाही. चिठ्ठी हरवली, व्यवहार हरवत नाही. त्याची नोंद वहीत असते, आणि त्या वहीपर्यंत सरकारचा हात पोहोचतो. तो हात कोणत्या कचेरीतून पोहोचतो, एवढे माहीत हवे.

बरेच जण तलाठ्याकडे किंवा तहसीलदाराकडे खेटे घालतात. तिथे हे दप्तर नाही. महाराष्ट्रात सावकारी चालते ती महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ या कायद्याने, आणि त्याचा कारभार सहकार खात्याकडे आहे. तालुक्याला सहायक निबंधक, सहकारी संस्था यांची कचेरी असते. जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक. सावकाराचा परवाना, त्याचे कार्यक्षेत्र आणि तपासणीचे अहवाल यांच्या फायली इथेच. गहाण घेणारा सराफ असला तरी तो व्याजाने पैसे देतो म्हणजे या कायद्यापुरता सावकारच. (दागिना राष्ट्रीयीकृत बँकेत तारण असेल तर मात्र हा कायदा लागू नाही. माहिती त्या बँकेकडेच मागावी.)

या कायद्याने सावकाराला रोजकीर्द आणि खतावणी ठेवावी लागते. कर्जदाराला कर्जाचे विवरण आणि भरलेल्या पैशाची पावती द्यावी लागते. म्हणून पहिला अर्ज सावकारालाच करा. माझ्या खात्याचा उतारा द्या, असे लेखी लिहा आणि तो अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. तोंडी मागणीला तोंडीच उत्तर मिळते. उतारा घेतला म्हणून त्यातला आकडा तुम्ही मान्य केला असे होत नाही, हेही ध्यानात असू द्या.

उत्तर आले नाही तर सहायक निबंधकाकडे तक्रार करा, आणि सोबत माहितीच्या अधिकाराचा वेगळा अर्ज टाका. इथे काही जण अडवतात, "सावकार खासगी माणूस, त्याची वही आम्ही कशी देऊ?" माहितीचा अधिकार कायदा २००५ साली झाला. त्यातल्या कलम २(च) मध्ये 'माहिती'ची व्याख्या आहे, ती पाहा. खासगी व्यक्तीकडची जी माहिती सरकारी कचेरी दुसऱ्या एखाद्या कायद्याने मिळवू शकते, तीही त्या व्याख्येत बसते. निबंधकाला सावकाराचे दप्तर तपासण्याचा अधिकार आहेच. पण मागा ते आपल्याच खात्याचे. शेजाऱ्याने काय गहाण ठेवले ते कोणी देणार नाही, आणि देऊही नये.

अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला दाखला जोडल्यास तोही लागत नाही. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, असा नियम आहे. तेव्हा रडगाणे नको. दुकानाचे नाव व गाव, गहाण कोणाच्या नावे, साधारण महिना व वर्ष, दागिना व वजन लिहा. मग तीन गोष्टी मागा: त्या काळात त्याला परवाना होता का, असल्यास कार्यक्षेत्र कोणते, आणि माझ्या खात्याची खतावणीतील नक्कल. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. त्याला फार जण कंटाळतात. कंटाळू नका.

परवान्याचे का विचारायचे? १० एप्रिल २०१५ च्या शासन निर्णयाने विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे परवानाधारक सावकारांकडचे, ३० नोव्हेंबर २०१४ पर्यंतचे कर्ज शासनाने फेडायचे ठरवले. ज्यांच्या सावकाराने आपल्या क्षेत्राबाहेर जाऊन कर्ज दिले होते, ते त्यात अडकले. सावकार परवान्याचा होता, पण कागदावर तो त्यांच्या गावाचा नव्हता. आणि परवाना मुळीच नसेल तर तो गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

व्याजही उताऱ्यावरून ताडून पाहा. २०१४ मध्ये शासनाने शेतकऱ्याच्या तारण कर्जाला साल दरशेकडा नऊ रुपये हा कमाल दर ठरवला. जून ते नोव्हेंबर पाच महिने, वीस हजारांवर व्याज होते साडेसातशे रुपये. दरमहा शेकडा तीनने तेच होते तीन हजार. आमचा शेतकरी फवारणीच्या पंपाला शंभर रुपये जास्त घेतले तर दुकानदाराशी भांडतो, इथे मात्र मान खाली घालून मोजतो.

एका गावात घरधनी अचानक वारला. बाई पोत सोडवायला गेली तर उत्तर मिळाले, "तुमच्या मालकांनी ती केव्हाच मोडली." तिच्याकडे पावती नव्हती. आठवत होते ते वजन, आणि गहाण ठेवली तो पोळ्याच्या आधीचा आठवडा. मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद जोडून तिने अर्ज दिला. कचेरीतून दप्तर तपासायला माणूस गेला, तेव्हा खतावणीत पोत निघाली, वजनासकट. मोडल्याची नोंद कुठेच नव्हती. हिशेब मिटायला पुढे बरेच महिने गेले, पण पोत तिच्या हाती आली.

दागिना तिचा, पण पावती नवऱ्याच्या नावाची, असे बहुतेक घरांत असते. यंदा गहाण ठेवायची वेळ आलीच तर जिचे सोने तिच्या नावे पावती करून घ्या, कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, आणि वजन व तारीख घरातल्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा.