योग्यासूत्र आणि प्राणिप्रयोगांचे पर्याय

नांदेड-हिंगोली मार्गावरील वारंगा फाटा हा हळद व सोयाबीनच्या शेतांनी वेढलेला परिसर. येथे चिकित्सा करणाऱ्या आम्हा वैद्यांना सर्पदंशाचा विषय अपरिचित नाही. विषबाधा झालेल्या रुग्णास ज्या लसीसाठी आम्ही विनाविलंब शासकीय रुग्णालयात धाडतो, ती घोड्याच्या रक्तापासून सिद्ध होते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे विष अल्प मात्रेत घोड्यास टोचतात, त्याच्या रक्तात निर्माण झालेली प्रतिद्रव्ये वेगळी करतात आणि लसीचे सामर्थ्य उंदरांवर तपासतात. परळच्या हाफकिन संस्थेमुळे ही परंपरा महाराष्ट्रास चिरपरिचित आहे. म्हणूनच 'प्राणिप्रयोग तत्काळ बंद करा' ही घोषणा चिकित्सकास परवडणारी नाही. तथापि, प्रत्येक प्रयोग अपरिहार्यच असतो, हेही सत्य नव्हे.

रसेल आणि बर्च या इंग्रज संशोधकांनी १९५९ साली तीन तत्त्वे मांडली: शक्य तेथे प्राण्यास पर्याय शोधावा, प्राण्यांची संख्या घटवावी आणि त्यांच्या वेदना कमी कराव्यात. भारताच्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, असाच दृष्टिकोन स्वीकारला आहे.

पर्यायाने केवळ प्राण्यांचेच रक्षण होते असे नाही. श्वानदंशावरील जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. पोटात घ्यावयाची ती चौदा इंजेक्शने जुन्या पिढीच्या आजही स्मरणात आहेत. त्या लसीतील मज्जाऊतीमुळे काही रुग्णांना पक्षाघातासारखे गंभीर उपद्रव होत. पेशीसंवर्धनावर आधारित लस आल्यानंतर २००५ पर्यंत भारतात मेंढीच्या लसीचा वापर थांबला. मेंढी वाचली आणि रुग्णही अधिक सुरक्षित झाला.

विषाक्तता परीक्षणातही असाच बदल घडला. अर्धे प्राणी मरेपर्यंत मात्रा वाढविण्याची तीव्र विषाक्ततेची जुनी पद्धत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून २००२ साली वगळण्यात आली. तिच्या जागी आलेल्या एका पद्धतीत प्रत्येक टप्प्यास तीनच प्राणी पुरतात. २०२३ साली भारताने नवीन औषधांच्या नियमांत सुधारणा करून मानवी पेशींवरील व अन्य प्राणिविरहित चाचण्यांस वाव दिला. सर्पविषाबाबतही बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०२४ साली प्रयोगशाळेत घडविलेले एक प्रतिद्रव्य प्रसिद्ध केले. ते नागवर्गीय सर्पांच्या एका प्रमुख मज्जाविषास निष्प्रभ करते. ते अद्याप रुग्णाच्या उपयोगात आलेले नाही, आणि त्याचे परीक्षणही उंदरांवरच झाले. घोड्याची सुटका होण्यास अजून अवधी आहे, परंतु दिशा स्पष्ट आहे.

आयुर्वेदास ही दिशा परकी नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्माचा अभ्यास कशावर करावा हे सविस्तर सांगितले आहे: छेदनासाठी कोहळा, दुधी, कलिंगड व काकडी, भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामड्याच्या पिशव्या, वेधनासाठी मृत पशूंच्या शिरा व कमळाचे देठ, बंधनासाठी वस्त्राचा मनुष्याकृती पुतळा. मात्र कल्पस्थानात विषान्नाच्या परीक्षेसाठी पशुपक्ष्यांवर होणारी लक्षणेही वर्णिली आहेत. तेव्हा आपल्या परंपरेत प्राण्यांचा उपयोग नव्हताच, असा दावा करणे उचित नव्हे. जेथे फळाने काम भागते तेथे सजीव नको, हा विवेक मात्र निश्चितच होता.

तोच विवेक आज आपल्या पदव्युत्तर शोधप्रबंधांत हवा. ग्रंथोक्त घटकांचे औषध ग्रंथोक्त रोगाधिकारासाठीच वापरावयाचे असेल, तर २०१० च्या १५८-ब नियमानुसार परवान्यासाठी सामान्यतः सुरक्षितता अभ्यास आवश्यक नाही. मग त्याच कल्पाचे तेच परीक्षण पुनःपुन्हा उंदरांवर करून कोणते नवे ज्ञान मिळते? मार्गदर्शक वैद्यांनी विषय मान्य करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हे कार्य पूर्वी झाले आहे काय? द्रव्यपरीक्षण, पेशींवरील चाचणी वा रुग्णांचे काटेकोर निरीक्षण यांतून उत्तर मिळेल काय? प्राणी अपरिहार्यच असतील, तर निष्कर्षास पुरेशी अशी किमान संख्या कोणती?

उत्तरे समाधानकारक नसतील, तर विषय बदलण्याचे धैर्य मार्गदर्शकांनी दाखवावे, ही आमची समस्त वैद्यबंधुभगिनींना नम्र विनंती आहे.