मुदतवाढ कुणाच्या भरवशावर?

भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने १७ जून २०२४ रोजी पदावरून दूर केलं, तेव्हा त्यांच्या कराराची जवळपास दोन वर्षं शिल्लक होती. चाहत्यांना हेच हवं होतं. तरीही त्यांचा राग निवला नाही, कारण तो नुसता पराभवावरचा राग नव्हता. ज्यांनी काढलं त्यांनीच अवघ्या आठ महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, या प्रशिक्षकाला जून २०२६ पर्यंत मुदतवाढ दिली होती. कामठी-नागपूरसारखे अपवाद सोडले तर विदर्भात फुटबॉल अजून दुसऱ्या पंगतीचा खेळ आहे. पण ६ जूनला कोलकात्यात सुनील छेत्रीचा निरोपाचा सामना कुवेतशी ०-० असा सुटला, त्याची हळहळ हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरच्या पुलगावपर्यंत आणि त्याला लागून असलेल्या नाचणगावातल्या हौशी प्रेक्षकापर्यंतही पोचली असणार. अशा प्रेक्षकाची तक्रार ‘हरलो की हे लोक ओरडतात’ असं म्हणून झटकून टाकली जाते. माझ्या मते ती तक्रार रास्त आहे. फक्त तिचा रोख प्रशिक्षकापेक्षा करारावर असायला हवा.

मुदतवाढ दिली तेव्हा ती अगदीच अविचारी दिसत नव्हती, हे आधी मान्य केलं पाहिजे. २०२३ च्या उन्हाळ्यात भारताने भुवनेश्वरला इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि बंगळुरूला सॅफ स्पर्धा जिंकली, फिफाच्या क्रमवारीत संघ पहिल्या शंभरात आला. पण दोन्ही स्पर्धा घरच्या मैदानावरच्या. खरी परीक्षा म्हणजे आशियाई चषक, आणि तो जेमतेम तीन महिन्यांवर होता. निकाल लागण्याआधीच पेढे वाटून झाले. जानेवारी २०२४ मध्ये कतारला भारत ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया या तिघांकडूनही हरला, एकही गोल न करता. मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानने २-१ ने हरवलं, तेही छेत्रीच्या दीडशेव्या सामन्यात. संघ विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत गेला नाही तर मी पद सोडेन, असं स्टिमॅक त्याच सुमारास म्हणाले होते. संघ गेला नाही, त्यांनीही सोडलं नाही. महासंघाने तीन महिन्यांचा पगार देऊ केला, स्टिमॅक यांनी तो नाकारला, आणि अखेर सुमारे चार लाख डॉलरवर, म्हणजे तीन कोटी रुपयांहून अधिक रकमेवर, तडजोड झाल्याच्या बातम्या आल्या. करार मध्येच संपवण्याची सोय त्यात ठेवा असं महासंघाच्याच समितीने सांगितलं होतं, पण सही झालेल्या कागदात ती नव्हती, हा खुलासा महासंघानेच नंतर केला. दोष कुणाचा यावर तिथे वाद आहेत. पण बाहेर पडायची वाट न ठेवता सही होते आणि ते प्रशिक्षकाला काढताना उघड होतं, हे भाडेकरार न वाचता घर देण्यासारखं आहे.

यावर पहिला आक्षेप असा की प्रशिक्षकाला वेळ द्यावा लागतो, आणि त्याचा पुरावा विदर्भाच्याच अंगणात आहे. क्रिकेट प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या हाताखाली मुंबईने २०१५-१६ ची रणजी जिंकली, पुढच्या वर्षी अंतिम सामना गुजरातकडून गमावला, आणि मुंबईने त्यांना ठेवलं नाही. विदर्भाने त्यांना बोलावलं आणि २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षं करंडक नागपूरला आणला. म्हणजे मुदतवाढ नाकारणंही महागात पडतं. मान्य. पण पंडितांची उदाहरणं दीर्घ कराराची बाजू घेत नाहीत. त्यांनी प्रत्येक ठिकाणी थोड्याच हंगामांत काम दाखवलं, २०२० मध्ये मध्य प्रदेशकडे गेले आणि २०२१-२२ ला तिथेही रणजी जिंकली, तीही मुंबईला हरवून. धीर धरणं वेगळं आणि अनेक वर्षांची हमी आगाऊ लिहून देणं वेगळं; महासंघ दुसऱ्यालाच पहिलं म्हणतो.

हा आपल्याकडच्या ढिसाळपणाचाच प्रकार आहे असंही नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये (हा खेळ वेगळा, चेंडू हातात धरून पळण्याचा) टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर या प्रशिक्षकाचा करार २०२१ मध्ये वाढवला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढलं. भरपाई साडेसात कोटी डॉलरच्या वर गेली. तिथे निदान दुसरं विद्यापीठ प्रशिक्षक पळवेल ही भीती असते आणि देणगीदारांचा पैसा असतो. आपल्या महासंघाकडे केंद्र सरकारचं अनुदान येतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दोष प्रशिक्षकाचा नाहीच. स्टिमॅक गेल्यावर मानोलो मार्केझ आले, ते एफसी गोवालाही एकाच वेळी सांभाळत होते. आठ सामन्यांत एक विजय मिळवून २०२५ मध्ये गेले. मग मुंबईच्या मैदानांवर घडलेले खालिद जमील आले, आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरकडून १-२ अशी हार होऊन २०२७ च्या आशियाई चषकाची आशा संपली. तीन प्रशिक्षक, घसरण तीच. तेव्हा ‘हाकला’ची घोषणा अर्धीच खरी. पण मग प्रशिक्षकाने एवढाच फरक पडत असेल, तर दोन-तीन वर्षांची बांधिलकी त्याच्याशी कशासाठी? तो पैसा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या स्पर्धांवर का नको?

पुढच्या मुदतवाढीची बातमी येईल तेव्हा प्रशिक्षकाचं नाव वाचून थांबू नका. मुदत किती, मध्येच काढल्यास किती द्यावे लागतील आणि कोणत्या निकालाची अट घातली आहे, एवढं विचारा. सरकारी अनुदान घेणारे क्रीडा महासंघ माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात. त्यासाठी अर्ज नाचणगावातूनही करता येतो.